हे दुखणं आजाराचं, गोळीचं की कालच्या कामाचं?

पॉलिमायल्जिया रुमॅटिका, थोडक्यात पीएमआर, हा खांदे-कुल्ल्यांभोवती सूज येऊन ते दुखवणारा आणि आखडवणारा आजार. तो झालेल्या माणसाला रोज सकाळी एक कोडं सोडवावं लागतं. आज खांदे भरून आलेत ते आजाराने, गेल्या आठवड्यात गोळी कमी केली म्हणून, की काल कपाट आवरलं त्यामुळे? चौथी शक्यताही असतेच. साठीनंतर खांद्याचा सांधा मुळातच थोडाफार झिजलेला असतो आणि त्याचा पीएमआरशी काही संबंध नसतो. प्रत्येकावरचा उपाय निराळा. पण हाताशी असते ती प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडची गोळी, आणि ती वाढवली की जवळजवळ सगळंच थोडं बरं वाटतं. घोळ तिथेच होतो. भलत्याच दुखण्यापायी डोस वाढतो, वाढलेलाच राहतो आणि पुढे तो खाली आणताना नाकी नऊ येतात.

उलट, एक दुखणं असंही आहे ज्यात उद्यावर ढकलून चालतच नाही: जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे जीसीए, हा धमन्या सुजवणारा आजार. हे दोन आजार एकमेकांचे सख्खे शेजारी. जीसीए झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पीएमआरची लक्षणं असतात, आणि पीएमआर असलेल्या शंभर जणांतल्या दहा ते वीस जणांना जीसीएही होतो. तो पीएमआरच्या आधी, बरोबर किंवा पीएमआर आटोक्यात आल्यावर काही महिन्यांनी, कधीही येऊ शकतो. म्हणून कोणतं दुखणं कोणाचं हे ओळखता येणं, हीच या आजारासोबत जगण्यातली खरी कामाची गोष्ट आहे असं माझं मत आहे. खाली डोसचे आकडे दिले आहेत ते डॉक्टरांशी बोलताना संदर्भ असावा म्हणून. आपला डोस आपल्या संधिवाततज्ज्ञांशी बोलूनच ठरवायचा.

सकाळचा पहिला तास

पन्नाशीच्या आत पीएमआर जवळजवळ होत नाही. सर्वाधिक रुग्ण सत्तर ते ऐंशीच्या वयातले आणि त्यात स्त्रिया पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. दुखतं ते दोन्ही बाजूंना: खांदे, मान, दंडाचा वरचा भाग, कुल्ले, मांड्या. दुखणं स्नायूंचं वाटतं, पण सूज असते ती खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांभोवतीच्या बर्सा नावाच्या छोट्या पिशव्यांना आणि कंडरांच्या आवरणांना. म्हणूनच स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारा सीपीके हा घटक या आजारात नॉर्मल येतो. तो वाढलेला असेल तर निदानाचाच पुन्हा विचार करावा लागतो.

खरी खूण दुखण्यापेक्षा आखडण्याची. सकाळी उठल्यावर पाऊण तासाहून जास्त, बऱ्याचदा दोन-तीन तास, शरीर मोकळं होत नाही. दिवसा तासभर एका जागी बसलं की पुन्हा तेच. हे आखडणं मोजायची एक पद्धत ठरवून टाका: जाग आल्याची वेळ लिहा, आणि ‘आज यापेक्षा जास्त मोकळं होणार नाही’ असं वाटलं ती वेळ लिहा. मधली मिनिटं हा तुमचा आकडा. ‘आज बरं आहे’, ‘आज जास्त आहे’ अशा नोंदींपेक्षा हा आकडा दहापट उपयोगी, कारण तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘जास्त’ म्हणजे किती हे कुणालाच आठवत नाही. जोडीला दोन छोट्या चाचण्या. दोन्ही हात मानेमागे पोचतात का? हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का? बस, इतकंच. रोज वीस रकाने भरायची वही आठवड्याभरात बंद पडते.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसायचा प्रयत्न केला की खांदे आणि कुल्ले एकदमच बोंब मारतात. त्याऐवजी उताणं असतानाच दोन्ही गुडघे वाकवून पावलं गादीवर टेकवा. गुडघे, कंबर आणि खांदे एकत्र ठेवून कुशीवर वळा; वळताना कंबरेतून पीळ पडू देऊ नका. मग पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने व वरच्या हाताच्या तळव्याने गादी ढकला. खाली जाणाऱ्या पायांच्या वजनानेच धड वर यायला मदत होते. बसल्यावर मिनिटभर थांबा, लगेच उभं राहू नका. चादर किंवा गाउन पायांत अडकत असेल तर वळणंच कठीण जातं, म्हणून घोट्यापर्यंतच्या घोळदार कपड्यांपेक्षा गुळगुळीत कापडाचा पायजमा बरा.

खुर्ची गुडघ्यापेक्षा उंच हवी. बसल्यावर कुल्ले गुडघ्यांच्या वर राहिले तर उठायला निम्मे कष्ट लागतात. उठताना आधी कडेवर सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे झुकायचं आणि मग उठायचं. कपडे समोरून बटणांचे. घालताना जास्त दुखणारा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. केस विंचरताना कोपर टेबलावर टेकवून डोकं कंगव्याकडे आणायचं, कारण खांद्याच्या वर हात धरून ठेवणं हेच या आजारात सगळ्यात जड जातं. कोमट-गरम पाण्याखाली खांदे पाच-दहा मिनिटं शेकले की बऱ्याच जणांना मोकळं वाटतं, पण गोळी चालू होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावरही अंघोळीशिवाय हात वर जात नसतील, तर डोस किंवा निदान यांपैकी काहीतरी चुकतंय.

जीसीए: इथे वाट पाहायची नाही

या आजारात मध्यम आणि मोठ्या धमन्यांच्या भिंती सुजतात. कानशिलातली धमनी त्यात बऱ्याचदा सापडते. सगळी भीती डोळ्यांची. दृष्टीच्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बंद झाल्या की त्या डोळ्याची दृष्टी जाते, न दुखता, बऱ्याचदा झोपेतून उठल्यावर लक्षात येईल अशी. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, आणि उपचार झाले नाहीत तर दुसरा डोळा काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत त्याच वाटेने जाऊ शकतो. उपचार वेळेत झाले तर हे टाळता येतं, म्हणून एवढा आटापिटा.

ओळखायचं कसं? पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, किंवा जुनी अर्धशिशी असेल तर तिच्यापेक्षा वेगळी वाटणारी. ती कानशिलात असते, पण डोक्याच्या मागेही असू शकते. साध्या वेदनाशामकाने तिला विशेष फरक पडत नाही. डोक्याची कातडी इतकी हुळहुळी होते की कंगवा फिरवता येत नाही, उशी टोचते, चष्म्याची काडी नको वाटते. जोनाथन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरांनी 1890 साली या आजाराचं पहिलंवहिलं आधुनिक वर्णन लिहिलं, त्यातल्या वृद्ध रुग्णाची तक्रार हीच होती: कानशिलांवरच्या सुजलेल्या लाल रेषांमुळे टोपी घालवत नाही.

जबड्याचं दुखणं नीट पारखून घ्यावं लागतं, कारण दात, जबड्याचा सांधा आणि जीसीए यांत गल्लत होते. दात दुखत असेल तर पहिल्याच घासाला कळ येते. सांध्याचा त्रास असेल तर तोंड उघडतानाच दुखतं, कट्‌ असा आवाज येतो. जीसीएत पहिले काही घास ठीक जातात, मग चावता चावता जबड्याचे स्नायू भरून येतात, थांबावं लागतं, आणि थांबलं की दुखणं ओसरतं. पुन्हा चावलं की पुन्हा तेच. स्नायूला काम करण्याइतकं रक्त मिळत नाही म्हणून हे होतं. नव्या डोकेदुखीसोबत असं होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, दाताच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची नाही. जीभ दुखणं हेही याच जातीचं लक्षण आहे.

डोळ्यांची धोक्याची घंटा: एका डोळ्यासमोर राखाडी पडदा आल्यासारखं होणं, काही मिनिटांनी तो जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, चित्राचा वरचा किंवा खालचा अर्धा भाग गायब होणं. पडदा गेला म्हणून निर्धास्त होऊ नका, मोठ्या तडाख्याआधीची सूचना बऱ्याचदा अशीच येते. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्यातला दोष दुसरा डोळा झाकून टाकतो, म्हणून रोज सकाळी एक डोळा तळव्याने झाका (दाबायचा नाही) आणि समोरच्या भिंतीवरची तीच ती वस्तू, समजा दिनदर्शिका, चारही कोपऱ्यांसकट दिसते का ते पाहा. मग दुसरा डोळा. अर्ध्या मिनिटाचं काम. यातलं काही बिघडलं तर त्याच तासात इस्पितळाचा आपत्कालीन विभाग गाठायचा आणि दारातच सांगायचं: ‘मला पीएमआर आहे, जीसीएची शंका आहे, दृष्टीत फरक पडलाय.’ नुसतं ‘डोकं दुखतंय’ म्हटलं तर रांगेत बसवतात.

शंका पक्की असेल तर डॉक्टर तपासण्यांसाठी न थांबता स्टेरॉईड सुरू करतात: साधारणपणे रोज 40 ते 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि दृष्टीला धोका असेल तर बऱ्याचदा शिरेतून 500 ते 1000 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस. ‘आधी बायोप्सी होऊ दे, मग औषध’ हा हट्ट चुकीचा. कानशिलाच्या धमनीच्या तुकड्यात सुजेच्या खुणा गोळी सुरू झाल्यावरही एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतात. अल्ट्रासाउंडचं मात्र तसं नाही. धमनीभोवती दिसणारं काळसर वलय स्टेरॉईडने लवकर विरतं, त्यामुळे तो पहिल्या काही दिवसांतच, आठवड्याच्या आत करून घ्यावा. बायोप्सी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाहीच असंही नाही. सूज धमनीत सलग नसते, मध्ये मध्ये निरोगी पट्टे असतात, आणि नेमका तसाच तुकडा हाती लागू शकतो. म्हणूनच तुकडा किमान एक सेंटिमीटरचा हवा असतो.

एक प्रकार डोकेदुखीशिवायही येतो. छातीतली महाधमनी आणि हातांकडे जाणाऱ्या धमन्या सुजतात. ताप, वजन घटणं, रात्री घाम, कोरडा खोकला, आणि हात वर करून काम करताना ते लवकर गळून जाणं. दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर मोजून पाहा. वरच्या आकड्यात वारंवार 15 किंवा जास्त फरक पडत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. पीएमआरचा डोस पुरेसा असूनही थकवा हटत नसेल आणि सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) उतरत नसेल तेव्हा हा प्रकार मनात असायला हवा.

गोळीचं गणित

पीएमआरमध्ये सुरुवातीचा डोस रोज 12.5 ते 25 मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो, सर्वसाधारणपणे 15. दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात, माणूस ओळखू येणार नाही इतका फरक पडतो. एवढ्या डोसने फारसा फरक पडला नाही, तर तो वाढवत बसण्यापेक्षा दुसरं काही आहे का ते शोधणं शहाणपणाचं: मनगट-बोटांचे सांधे सुजले असतील तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात, थायरॉइडची कमतरता, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांचं अंगदुखणं, कधी कर्करोगही.

सगळा डोस सकाळी एकदाच, खाल्ल्यानंतर. उशिरा घेतली की झोप उडते. पहाटे शरीरात सूज वाढवणारी रसायनं चढतात, म्हणून काही जण पहाटे चार-पाचला चार घास खाऊन गोळी घेतात आणि पुन्हा झोपतात. ज्यांचं सकाळचं आखडणं हटत नाही त्यांनी हे डॉक्टरांना विचारून करून पाहायला हरकत नाही. आवरण असलेली गोळी आतड्यात उशिरा विरघळते, तिचे तुकडे करायचे नसतात आणि तिच्या आसपास आम्लपित्ताचं औषध घ्यायचं नसतं. शिवाय गोळीचं नाव बदललं तर आकडाही तपासा: 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे 4 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, आणि साधारण 6 मिलिग्रॅम डेफ्लाझाकोर्ट. ‘मी सहावर आहे’ असं दोघे म्हणाले तरी दोघे एकाच पायरीवर असतील असं नाही.

खाली उतरण्याचा नेहमीचा मार्ग असा: चार ते आठ आठवड्यांत 10 मिलिग्रॅमवर, मग दर चार आठवड्यांनी 1 मिलिग्रॅम कमी. कागदावर सरळ दिसतं. पण 10 वरून 9 म्हणजे दहा टक्के, 5 वरून 4 म्हणजे वीस टक्के आणि 2 वरून 1 म्हणजे थेट निम्मं. 7 च्या खाली गाडी अडते ती बऱ्याचदा यामुळे. म्हणून अनेक रुग्ण डॉक्टरांच्या संमतीने एकेक मिलिग्रॅम टप्प्याटप्प्याने उतरतात: एक दिवस नवा डोस, सहा दिवस जुना, मग एक दिवस नवा, पाच दिवस जुना, असं करत एकाआड एक, मग उलटं, एक दिवस जुना, दोन दिवस नवा, तीन दिवस नवा, शेवटी एक दिवस जुना आणि सहा दिवस नवा. एका मिलिग्रॅमला 52 दिवस लागतात. वेळखाऊ आहे, पण घाईने उतरून पुन्हा वर चढण्यापेक्षा कमी वेळखाऊ. दिनदर्शिकेवर महिन्याभराचे आकडे आधीच लिहून ठेवा, नाहीतर मध्येच कुठल्या दिवशी काय हे विसरतं. 7 च्या वर असताना हा द्राविडी प्राणायाम सहसा लागत नाही.

आता मूळ प्रश्न. डोस कमी केला आणि दुखायला लागलं, तर कशाचं?

गोळी कमी झाल्याचं दुखणं बहुतेक वेळा लगेच, एक-दोन दिवसांत सुरू होतं, अंगभर असतं, तापानंतर अंग मोडून येतं तसं, आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरत जातं. आजाराने पुन्हा उचल खाल्ली तर उलटं घडतं: पहिले काही दिवस छान जातात, मग रोज थोडं थोडं वाढत जातं, जुन्याच जागी, दोन्ही बाजूंना, आणि आखडण्याची मिनिटं चढत जातात. तुमची नोंदवही इथे कामाला येते. 20 मिनिटांवरून 25, 40, 70 अशी चढण दिसली तर तो आजार. पहिल्याच दिवशी 60 आणि मग 50, 35, 20 असा उतार दिसला तर थोडं सोसा.

कामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि वापरलेल्या भागापुरतं. स्टेरॉईडवर असताना स्नायू सावरायला जास्त वेळ घेतात, त्यामुळे बरं वाटणाऱ्या दिवशी सगळी साठलेली कामं उरकायची आणि मग तीन दिवस झोपून राहायचं, हे चक्र फार जणांचं चालू असतं. चालायला जाताना वीस मिनिटं जायचं ठरवलंत तर परत यायलाही वीस लागतात, हे जाताना आठवत नाही! पाच मिनिटं जा, पाच मिनिटांत परत या, दुसऱ्या दिवशी कसं वाटतं ते पाहा आणि मगच वाढवा.

झिजलेल्या सांध्याचं दुखणं एका बाजूला जास्त, वापराने वाढणारं, संध्याकाळी वाईट. सकाळचं आखडणं अर्ध्या तासात संपतं. एकाच खांद्याला, हात ठराविक उंचीवर नेतानाच कळ येत असेल आणि त्या कुशीवर झोपता येत नसेल तर कंडराचा त्रास असण्याची शक्यता जास्त. त्यावर फिजिओथेरपी किंवा त्या जागी इंजेक्शन हा उपाय. सगळ्या शरीरासाठी गोळी वाढवणं नव्हे.

आणि एक प्रकार दुखतच नाही. मांड्यांत ताकदच नाही, जिना चढवत नाही, खाली बसलं की उठवत नाही, पण वेदना नाही. हा स्टेरॉईडचा स्नायूंवरचा परिणाम असू शकतो, आणि त्यावर डोस वाढवला तर तो आणखी बिघडतो. दुखतंय म्हणून उठता येत नाही की जोरच नाही म्हणून, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा.

पीएमआर खरंच उलटला असेल तर ज्या डोसवर शेवटचं ठीक होतं तिथपर्यंत परत जातात आणि चार ते आठ आठवड्यांत हळूहळू पुन्हा खाली येतात. थेट 15 वर उडी मारायची गरज बहुधा नसते. जीसीएची लक्षणं परतली असतील, विशेषतः जबडा किंवा डोळा, तर मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे पुन्हा मोठा डोस, त्याच दिवशी.

रक्ताच्या अहवालांवर किती विसंबायचं? ईएसआर ही सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी, तिचा आकडा वयानुसार वाढतो. ढोबळ हिशेब असा की पुरुषांत वय भागिले दोन, स्त्रियांत वयात दहा मिळवून भागिले दोन, इथपर्यंत चालतं. सीआरपी जास्त चपळ आहे, पण साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गानेही तो चढतो. लक्षणं नसताना नुसत्या आकड्यावर डोस वाढवणं जितकं चूक, तितकंच आकडा नॉर्मल आहे म्हणून लक्षणं झटकून टाकणं. काहींचे आकडे आजार असतानाही वाढत नाहीत. टोसिलिझुमॅब या जीसीएवरच्या इंजेक्शनवर असणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण ते औषध सीआरपी बनवणारा संदेशच अडवतं. आजार असो वा जंतुसंसर्ग, अहवाल गोडगोडच येतो. या औषधावर असताना पोटात जोराची कळ आली तर आतड्याला छिद्र पडण्याचा धोका लक्षात घेऊन लगेच दाखवा.

जीसीएसाठी टोसिलिझुमॅबला अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली, दर आठवड्याला 162 मिलिग्रॅमचं कातडीखालचं इंजेक्शन. गोळी कमी करता न येणाऱ्या पीएमआरसाठी सॅरिलुमॅब 2023 मध्ये आलं, आणि जीसीएसाठी उपाडॅसिटिनिब ही रोजची गोळी 2025 मध्ये. जुना पर्याय मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून डब्यात ते रोजच्या गोळ्यांपासून वेगळं ठेवा आणि वार ठरवून घ्या.

बाकीचं शरीर

हाडं सर्वात वेगाने झिजतात ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, म्हणून त्यांची काळजी पहिल्या आठवड्यापासूनच. आहार आणि गोळ्या मिळून रोज 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि सुरुवातीलाच हाडांच्या घनतेची तपासणी. अ‍ॅलेंड्रोनेट हे हाडांचं औषध दिलं असेल तर आठवड्यातून एकदा, उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. पडून राहिलं तर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. दाढ काढायची असेल तर ती हे औषध सुरू करायच्या आधी काढून घ्या.

साखर तपासण्याची वेळ इथे नेहमीपेक्षा वेगळी. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन साखर वाढवतं ती दुपार ते संध्याकाळ. उपाशीपोटीची साखर साफ नॉर्मल येते आणि सगळे निश्चिंत होतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी मोजा. साखरेच्या चढउताराने दोन्ही डोळ्यांना धूसर दिसू शकतं, मोतीबिंदू आणि काचबिंदूही स्टेरॉईडने येतात, म्हणून वर्षातून एकदा तरी डोळ्यांचा दाब तपासून घ्या. पण जीसीए असलेल्याने ‘साखरेचंच असेल’ असं घरबसल्या ठरवू नये.

लसी जिवंत नसलेल्या घेता येतात. नागिणीची नवी लसही त्यातलीच. रोज 20 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर असताना जिवंत विषाणूंच्या लसी टाळतात. चेहरा गोल होणं, भूक खवळणं, चिडचिड हे डोस उतरला की उतरतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, विशेषतः चिडचिडीचं.

शेवटचे काही मिलिग्रॅम हा वेगळाच टापू. बाहेरून स्टेरॉईड मिळत असल्याने शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड (कॉर्टिसॉल) बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी महिनोन्‌महिने झोपलेल्या असतात. डोस 7 ते 5 च्या खाली आला की त्यांना जागं व्हावं लागतं आणि त्या आळस करतात. गळून जाणं, मळमळ, उभं राहताना भोवळ, खारट खावंसं वाटणं, ही त्यांची लक्षणं. अंगही दुखतं, त्यामुळे आजार उलटला असं वाटतं. फरक असा की आखडण्याची मिनिटं वाढलेली नसतात. शंका असेल तर सकाळी आठ-नऊच्या दरम्यान, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. गोळी घेऊन गेलात तर अहवाल फसवा येतो.

याच कारणाने गोळी कधीही एकदम बंद करायची नाही. स्टेरॉईड घेत असल्याचं कार्ड पाकिटात ठेवा, प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत. ताप आला तर काय करायचं हे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी घेणाऱ्यांना ताप उतरेपर्यंत सकाळी 5 आणि संध्याकाळी 5 असं सांगतात. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका, हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. शस्त्रक्रिया किंवा दातांचं मोठं काम ठरलं तर भूलतज्ज्ञांना आणि दंतवैद्यांना आधीच कळवा. गोळी पूर्ण थांबल्यावरही वर्षभर हे सांगत राहायचं, कारण एरवी ठीकठाक चालणाऱ्या ग्रंथी मोठ्या आजारपणाच्या वेळी कमी पडू शकतात.